दुसरा पाय

शुगरच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक निवृत्त कर्नल आणि त्यांच्याच पलटणीतला एक म्हातारा जवान.

“पैलवान, एवढ्या लांबून कशाला आलास?”

“बाईसाहेबांचा फोन आला. तुम्ही डॉक्टरला पाय दाखवत नाही म्हणे.”

“साधा फोड आहे रे. गोळ्या लिहून घेऊ आणि निघू.”

“बूट काढा, साहेब.”

“इथे? लोक बघतायत.”

“बघू देत. आम्ही रात्रभर चालून आलो की तुम्ही टॉर्च घेऊन एकेकाचे पाय बघायचात. शेवटच्या जवानाचे बघून झाल्याशिवाय घास घेतला नाहीत कधी.”

“ते माझं कामच होतं.”

“आता माझं आहे. काढा.”

“मला हुकूम सोडतोस?”

“हो. आणि जरा लवकर करा, खाली बसून माझे गुडघे दुखायला लागलेत.”

“घे बाबा, बघ.”

“याला फोड म्हणता? हे डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी इथून हलायचा नाही. आता दुसरा.”

“दुसरा अगदी ठणठणीत आहे.”

“आम्हीही सगळे हेच सांगायचो, साहेब. तुम्ही कधी एकाचं तरी ऐकलंत?”