सावली मंडळाच्या निवडीचा दिवस

लंकाबाई : काढ. आदी ते आंगावरनं काढ.

ज्योती : आई! आत्ताच तर म्हणालीस लई छान दिसतंय.

लंकाबाई : दिसतंयच छान. पर हात कुठं लावून बघितला हुता मी? ह्यो कपडा घाम पीत न्हाई, ज्योते. निस्ता पाठीला चिकटून बसंल.

इन्शा : मावशी, जॉर्जेट आहे ते. माझ्या फुप्पीच्या, म्हणजे आत्याच्या लग्नातलं. हॉस्टेलमधल्या पाच जणींनी मागितलं होतं, कुणाला दिलं नाही. ज्योतीला दिलं.

लंकाबाई : तुझं मन मोठं हाय, इन्शा. पर लगीन कोनत्या म्हैन्यात हुतं?

इन्शा : जानेवारीत.

लंकाबाई : आन आज?

इन्शा : ऑक्टोबर.

लंकाबाई : मंग! भाईर बघ. काल सांजच्याला पाऊस शितडून गेला, आन आता आठ वाजता ऊन हे असं. एका बाजूला कॅनॉल, चौफेर ऊस उभा. रानातनं वाफ निघायलीय. आमच्या पाथर्डीकडचं ऊन कोरडं, ते नुस्तं भाजतंय. राहुरीचं ऊन उकडून काढतंय. दोन्हीचा कपडा येगळा.

ज्योती : आई, हे रानातलं काम नाही. कृषी कॉलेजातल्या वरच्या वर्गाच्या तायांचं सावली मंडळ आहे ना, त्याची निवड आहे. बेचाळीस मुली येणार आणि सहा जणींना घेणार. सगळ्या नटून येतील.

लंकाबाई : येऊ दे की. किती येळ उभं ऱ्हायचंय तुमाला?

इन्शा : मी सांगते मावशी. दहा वाजता व्हरांड्यात गप्पा. तायांच्या एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात जायचं, हसून बोलायचं. बारा वाजता मैदानावर सहा-सहा जणींना मिळून एक काम देतात, ते करायचं. आणि तीन वाजता हॉलमध्ये एकेकीला समोर बोलावतात. हॉलला वर पत्रा आहे. आज शनिवार, म्हणजे लाइट नाही.

लंकाबाई : म्हंजी दहापास्नं चारपस्तोर. आन मधी कपडा बदलायला मिळनार न्हाई.

इन्शा : नाही.

लंकाबाई : तुमी नटायचं बघताय दहाच्या टायमाला. खरी बाई दिसती ती चारला. चारला जी ताजी दिसंल ती.

इन्शा : मावशी, माझ्या अम्मीचं नगरला पार्लर आहे. अगदी हेच बोलते ती नवरीला! म्हणते, फोटो शेवटी निघतात.

लंकाबाई : शानी हाय तुझी अम्मी. ज्योते, तुझा तो पांढरा ड्रेस कुठाय? बारीक निळ्या फुलांचा.

ज्योती : तो? तो दोन वर्षं जुना आहे. धुऊन धुऊन मऊ पडलाय.

लंकाबाई : म्हनूनच. नव्या सुताला खळ असती, ती घामानं टोचती. धुतलेलं सूत घाम पितं आन वाऱ्यानं वाळतं. आन बारक्या फुलांत वलं दिसत न्हाई. ह्या इन्शाच्या राखाडी कपड्यावर काखंत एवढा मोठा डाग दिसतो, बाई हात वर करायला भेती. घाल तो.

ज्योती : इस्त्री नाही त्याला.

इन्शा : मी करते. दे इकडं. लाइट जायला अजून अर्धा तास आहे.

लंकाबाई : आन ते काय चोपडायलीस तोंडाला?

ज्योती : फाउंडेशन. इन्शाचंच.

लंकाबाई : इन्शा, तूच सांग तुझ्या मैतरणीला. ह्ये बाराला कुठं जाईल?

इन्शा : ...गळ्यावर. ज्योती, मावशी बरोबर बोलतायत. ह्या दमटपणात थर फुटतो. अम्मी तर उन्हाळ्यातल्या नवरीला आधी बर्फ लावते, मग अगदी हलकं. तोंड धू. थोडं मॉइश्चरायझर लाव आणि ओठांना काहीतरी. बस.

लंकाबाई : काजळ बी नगं. डोळ्यात उतरतं. तेल केसाला लावलंस का?

ज्योती : थोडं.

लंकाबाई : कपाळाकडचं पुसून घे. घामासंगं तेल डोळ्यात गेलं की मानूस रडल्यावानी दिसतो. केस मोकळं सोडू नगंस, मानंला वारा लागू दे. घट येनी घाल. आन पाठ कर हिकडं. तुरटी आनलीय मी, काखंत वली करून फिरव. वाळू दे, मंग कपडा घाल. पावडर नगं, तिचं पीठ हुतं.

इन्शा : मावशी, मला पण द्या ना तुरटी.

लंकाबाई : घे की. तू बी हाय ना निवडीत?

इन्शा : आहे. पण मला घेतलं नाही तरी चालेल. शनिवारी दुपारी एसटीत बसले की तासाभरात अम्मीजवळ. ज्योतीचं तसं नाही.

लंकाबाई : म्हनूनच म्हनते, काय बी करा पर हिला घ्या. परवा आमी दोघं कारखान्याला निघालो की चैतापस्तोर घराला कुलूप. दिवाळीला हॉस्टेल मोकळं हुतं. मागल्या साली ही पोर एकटी ऱ्हायली हितं, वॉचमनच्या बायकुनं दोन करंज्या दिल्या तिला. मला कळलं ते शिमग्याला.

ज्योती : आई, आता ते कशाला?

लंकाबाई : तूच म्हनली ना, ह्या मंडळाच्या तायांची रीत हाय. घेतलेल्या पोरीला सुट्टीत एकटं सोडत न्हाईत. अभ्यासाला बसवत्यात, घरी नेत्यात. मंग? फारमात माझं काम काय ल्हिलंस?

ज्योती : ऊसतोड.

लंकाबाई : कशाला? शेती ल्हायचं. दीड एकर हाय की आपली.

ज्योती : त्या दीड एकरात तू चार महिने असतेस. उसात सहा महिने. मग काय लिहू?

लंकाबाई : अगं, त्या शिकलेल्यांच्या लेकी. मास्तराच्या, तलाठ्याच्या. ऊसतोडीची पोर म्हनल्यावर मनात काय तरी येनारच. दोन शब्द कमी ल्हिले आसते तर काय बिघडलं आसतं?

ज्योती : माझं बिघडलं असतं.

लंकाबाई : हट सोड. मी आज फाटकाजवळ कडुलिंबाखाली बसते. तुझा बाप पाचला टेम्पो घेऊन यील. कुनी इचारलं तर म्हन, गावाकडची बाई हाय, कुनाची तरी वाट बघतीया.

ज्योती : असलं काही म्हणणार नाही मी.

लंकाबाई : ज्योते—

ज्योती : नाही म्हणजे नाही. वेणी घाल.

इन्शा : हा घ्या ड्रेस. गरम आहे अजून.

लंकाबाई : थंड हू दे. गरम कपडा आंगाला लावू नगं, लगीच घाम फुटतो. आन चपला जुन्याच घाला दोघी बी. नव्या चपलीनं फोड आला की हसू येत न्हाई मानसाला. ही बाटली ठेवा संगं, मीठ-साखर-लिंबू हाय. तहान लागायच्या आदी प्यायचं, घोट घोट.

इन्शा : मावशी, एक विचारू? एवढं सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?

लंकाबाई : कोन शिकवनार? अठरा सीझन झाले. मांडीला, काखंला काचलं की कळतंच मानसाला.

(संध्याकाळचे सव्वापाच. राहुरीहून निघालेल्या टेम्पोत लंकाबाई आणि तिचा नवरा आसाराम.)

आसाराम : बोल की आता. फाटकाजवळ चार पोरी तुला सोडायला आल्या, हात हालवायल्या. मला वाटलं दुसऱ्याच कुनाला हालवायल्यात.

लंकाबाई : मलाच.

आसाराम : ज्योतीचं काय झालं ते आदी सांग.

लंकाबाई : घेतलं तिला.

आसाराम : घेतलं?

लंकाबाई : सहा जनीत तिसरं नाव. बोर्डावर ल्हिलं. मला वाचून दावलं तिनं. आवो, म्होरं बघा, म्हैस हाय रस्त्यात.

आसाराम : दिसली. थांब, बाजूला घेतो गाडी. आसं न्हाई. नीट सांग. पयल्यापास्नं.

लंकाबाई : सांगते. मी लिंबाखाली बसले हुते, पदर वढून. मैदान समोरच हाय. बाराला पोरी आल्या भाईर. पाय भाजत हुता जमिनीला. एकेकीचा रंग उतरलेला, केस कपाळाला चिकटलेले. आपली ज्योती आन ती इन्शा तेवढ्या सुक्या. म्हंजी घाम हुताच, पर तोंडं सुकी. त्यांना बांबूचा मंडप उभा करायला लावला हुता, सहा-सहा जनींना. आपली लागली बांबूला दोर बांधायला. दाव्याची गाठ मारली तिनं.

आसाराम : मी शिकवलेली.

लंकाबाई : व्हय, तुमीच. तेवढ्यात पल्याडच्या घोळक्यात एक पोर बसली खाली. चमचमता कपडा, गळ्यापस्तोर बंद. तोंड पांढरं. आन सगळ्या तिच्याभवती कोंडाळं करून उभ्या. वारा येनार कुठनं? कोनी म्हनतंय कांदा हुंगवा, कोनी म्हनतंय पानी वता तोंडावर.

आसाराम : मंग?

लंकाबाई : मंग काय. मला बसवंना. मी ठरवलं हुतं तोंड उघडायचं न्हाई. पर मी उठले आन सरळ आत घुसले. म्हनलं, सरका भाईर सगळ्या. तिला उचलून लिंबाच्या सावलीत आनली, गळ्याचं बटन सोडलं, वला रुमाल मानंवर आन काखंत, पाय वर. जरा डोळं उघडल्यावर पोरींच्या बाटलीतलं मीठ-साखर-लिंबाचं पानी घोट घोट पाजलं. धा-पंधरा मिन्टात बोलाय लागली. तरी मी म्हनलं, आज हिला परत उनात आनू नगा, डॉक्टरला दावा. नेली त्यांनी.

आसाराम : गेल्या साली आपल्या टोळीतल्या वैजनाथची सून पडली हुती फडात, तवा बी तूच.

लंकाबाई : तिथं काय, समदी आपलीच. हितं सगळ्या माझ्याकडं बघायल्या. त्यांची ती म्होरकी हाय ना, नाझनीन म्हनून, शेवटच्या वर्षाला हाय, ती म्हनली, मावशी, तुमी नर्स हाय का? मी म्हनले, न्हाई बाई, मी आपली गावाकडची, वाट बघत बसलेली. आन उठून निघालेच हुते.

आसाराम : आन ज्योती?

लंकाबाई : ती बांबू टाकून आली पळत. सगळ्यांच्या म्होरं माझा हात धरला. म्हनली, ही माझी आई. लंकाबाई आसाराम. अठरा सीझन ऊस तोडलाय तिनं. आज मी जे काय घातलंय ते तिनं सांगितलंय म्हनून घातलंय.

आसाराम : आसं म्हनली?

लंकाबाई : खड्या आवाजात. मला धरनी ठाव दिईना. वाटलं, झालं, गेलं हिचं दिवाळीचं घर. 

आसाराम : आन त्या पोरी?

लंकाबाई : ती नाझनीन म्होरं आली. म्हनली, मावशी, म्होरल्या म्हैन्यात आमच्या पोरींना दिवसदिवस शेतावर काम हाय. मागल्या वर्षी तीन जनी आशाच पडल्या. तुमी जरा सांगता का सगळ्यांना?

आसाराम : कशाचं?

लंकाबाई : कपड्याचं. उनात काय घालायचं, काय खायचं, किती येळानं पानी प्यायचं. मी म्हनले, मी काय सांगनार तुमाला, तुमी शिकलेल्या. ती म्हनली, आमाला हे कुठंच शिकवत न्हाईत.

आसाराम : मंग सांगितलंस?

लंकाबाई : दोनला, त्यांची ती एकेकीची निवड सुरू व्हायच्या आदी, हॉलमधी नेलं. वर पत्रा, लाइट न्हाई. मी म्हनले, पयल्यांदा समद्या खिडक्या उघडा आन दाराच्या रेषेत बसा, वारा कुठनं येतो ते बघून बसायचं. झाली सुरवात. मंग थांबलेच न्हाई मी. पुरुषाचा जुना शर्ट साडीवर का घालायचा, डोक्याला रुमाल कसा बांधायचा, घाम पुसायचा न्हाई टिपायचा, पाळीच्या दिवसात काय करायचं. ते बी सांगितलं.

आसाराम : ते बी?

लंकाबाई : ते तर आदी सांगाय पायजे. पोरी वहीत ल्हित हुत्या, आवो. मी बोलायची आन त्या ल्हायच्या.

आसाराम : ल्हित हुत्या!

लंकाबाई : एक म्हनली, मावशी जरा सावकाश.

आसाराम : आन ज्योतीला काय इचारलं मंग?

लंकाबाई : तिचा नंबर शेवटी आला. काय इचारलं ते मला ठाव न्हाई, मी भाईर हुते. मंडपाचं काम तिच्या घोळक्याचं पयलं उरकलं हुतं, ते बी बघितलं आसंल. माझ्यामुळं घेतलं आसं नगा म्हनू. मी नाझनीनला सपष्ट इचारलं. ती म्हनली, मावशी, तुमी यायच्या आदीच तिचं नाव आमी ल्हिलं हुतं. फारम वाचून.

आसाराम : फारममधी काय हुतं एवढं?

लंकाबाई : ते तिलाच इचारा. मी तिच्याशी भांडले हुते त्याच्यावरनं.

आसाराम : दिवाळीचं?

लंकाबाई : नाझनीनच नेनार हाय. संगमनेरला. म्हनली, मावशी, आमच्यात दिवाळी नसती, पर गल्लीतनं फराळाची सात ताटं येत्यात, आमाला खाऊन संपत न्हाईत.

आसाराम : बरं झालं. लई बरं झालं. आन ती नगरची पोर? इन्शा?

लंकाबाई : तिचं न्हाई आलं. मला वाईट वाटलं. तिनं ज्योतीला मिठी मारली आन म्हनली, म्होरल्या साली मी तुझ्यासमोर बसनार, तेव्हा सोपं इचार. चांगल्या घरची पोर हाय.

आसाराम : हां. ...लंके.

लंकाबाई : काय?

आसाराम : किती पोरी हुत्या हॉलमधी?

लंकाबाई : मोजल्या न्हाईत. पन्नास-साठ आसतील. मागं भितीला टेकून बी हुत्या.

आसाराम : आन तू बोललीस ते बसून का?

लंकाबाई : खुर्ची दिल्ती त्यांनी. मी उभी ऱ्हायले.