ट्रेलरची आंघोळ

तुम्ही हसाल, पण माझ्या बोटीच्या ट्रेलरइतकी आंघोळ पनवेलमध्ये माणसंही करत नसतील. दर रविवारी मोरा बंदरावर बोट उतरवताना ट्रेलर समुद्रात जायचा, म्हणून घरी आलो की सोसायटीच्या नळाला पाइप लावून मी तो तासभर धुवायचो. गंज आळशी माणसांच्या ट्रेलरला येतो, असं सगळ्यांना ऐकवायचोसुद्धा.

वर्षभरात चाक निखळायला आलं. कोन गावचा वेल्डर बघायला आला. त्यानं नुसतं बोट लावलं, तर लोखंडाचा पापुद्राच हातात आला.

"समुद्रातून आनल्यावर धुवत नाय काय तुमी?"

माझं डोकंच फिरलं. "धुवत नाही? दर वेळी तासभर! ह्याच नळाखाली!"

हात धुवायला त्यानं तोच नळ सोडला, चूळ भरली आणि तोंड वाकडं करून थुंकला.

"बोअरिंगचं पानी हाय ना?"

"हो. मग?"

"साहेब, तुमची सोसायटी व्हायच्या आदी इथं आमचं मिठागर होतं. मोऱ्याला कशाला जाता येवढ्या लांब? बोट इथंच सोडा ना!"