कोंडाचं वजन

नाव सरस्वती लिहा, पण गावात विचारसान तं काटेवाली सरू म्हणून विचारा, तवाच कोणी घर दाखवीन. अमडापूरच्या बाजाराले पायी जाता येते एवढ्या अंतरावर आमचं गाव, अन् आम्ही माळी, वांगे-मिरच्या अन् सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पिकवणारे. बापानं मले चौथीपर्यंत शिकवलं, काऊन शिकवलं ते त्याचं त्याले माहीत. नवरा मुदतीच्या तापानं गेला, पोटी लेकरू नव्हतं, मी माहेरी वापस आली अन् भावाच्या मळ्यात निंदाले जाऊ लागली. आता पंचेचाळिशी उलटली माही. हे मी कालपर्यंत कोणापाशी बोलली नाही. तुम्ही लिहून घ्या भाऊ, पण मधात थांबवू नका, थांबवलं तं मी उठून जाईन.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तवा मेडिकल कॉलेजचे डॉक्टर लोक गावात आले. लहान लेकरं दर महिन्याले तोलायचे, दोन वर्षं, ते कसे वाढतात त्याचा कॉलेजात अभ्यास करायचा. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, त्याइचं बोलणं आमच्या बायाइले समजे ना अन् बायाइचं त्याइले. म्हणून गावातली लिहिणारी बाई पाहिजे, तं मी. चावडीच्या आड्याले काटा टांगायचा, काट्याले कापडाची झोळी, झोळीत लेकरू, काटा थांबला का कार्डावर ठिपका. ठिपके जोडले का रेघ. रेघ चढली तं लेकरू बरं, उतरली तं त्या घरी दुधाची भुकटी, अन् डॉक्टरीणबाई तीन महिन्यांनी आल्या का अगोदर त्या घराच्या दारी जाणार. मधातलं तोलणं माह्या एकटीच्या हाती.

पहिल्या दिवशी कोणी येईच ना. बाया दुरून हासत, सरे, अगोदर तूच लटक वं, पाहू दे काटा तुटते का राह्यते. पण हासणं वरचं होतं, आतून भेव होतं. कौसाची सासू बुढी तं सरळ म्हणे, कापूस घरात असते तवा कोणी तोलते का, तोलला का गाडीत चढला अन् खामगावले गेला, तोललं ते घरातून जाते, माही नात मी तोलू देत नाही.

अन् तिचं तरी काय चुकलं, काय सांगू तुम्हाले. कौसाचे दोन लेकरं पाठोपाठ गेले होते. तिसरी झाली तवा आमच्याकडची रीत केली, पोट्टी सुपात घालून उकिरड्यावर ठेवायची, दुसऱ्या बाईनं उचलायची अन् मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायची, म्हणजे ज्यानं पहिले दोन नेले त्याले वाटते हे लेकरू ह्या घरचं नाही. ते सूप म्या उचललं, कोंडा म्या दिला. म्हणून तिचं नाव कोंडा. नावाची माय मी.

तिचं कार्ड कोरं राह्यलं. डॉक्टरीणबाई म्हणे, सरस्वतीबाई, एक जरी ठिपका चुकला ना, तर ते मूल जातं. अभ्यासातून जातं, असं त्याइले म्हणायचं होतं, मले समजलं होतं, मी काही एवढी अडाणी नाही. पण आमच्यात लेकरू जाते म्हणजे एकच. तो जातं शब्द माह्या कानात बसला. शेजारच्या राधीची विमल कोंडाच्याच महिन्यातली, अंगानं भरलेली. म्या तिले दोनदा तोललं, एकदा तिच्या नावानं अन् एकदा कोंडाच्या. राधीले सांगितलं, काटा बरोबर आहे का ते पाह्यते. कोंडाची रेघ चढू लागली.

मंग कोंडाले गोवर आला. गोवर उतरला पण पोट्टी सावरलीच नाही, हात पऱ्हाटीच्या काड्यासारखे, डोळे तेवढे मोठे. मी रोज जाये, माह्या बोटाले धरे ती. डॉक्टरीणबाई आल्या, कार्डं पाह्यले, ज्याइची रेघ उतरली त्याइच्या दारी गेल्या, भुकटी देली. कौसाच्या दारावरून पुढं गेल्या, मी त्याइच्या संगच होती. तोंड उघडायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, बाई, ह्या घरात पाहा. नाही म्हटलं. म्हटलं असतं तं कार्ड खोटं ठरलं असतं अन् मी खोटी. पुढच्या खेपेले सांगू, असं मनाशी म्हटलं. पंधरा दिवसात गेली ती. ओढ्याकाठच्या बोरीखाली मातीत देली.

म्हयना भरला. चावडीत काटा टांगला, कार्डं काढले, कोंडाचं कार्ड हाती आलं अन् कानात तेच, ठिपका चुकला तं मूल जातं. विमलले दुसऱ्या खेपेले झोळीत घातलं अन् सवयीनं तोंडातून निघालं, कोंडा. आजवर त्या नावावर विमलनं कधी वळून पाह्यलं नव्हतं. त्या दिवशी मान वळवली अन् हासली. माह्याकडं पाहून नाही, माह्या मांगं पाहून. मांगं दारात कौसा उभी. किती झाली वं माही कोंडी? म्या आकडा सांगितला. हाव, म्हणे, अन् गेली.

तवापासून दर म्हयन्याले ये. हातात झबलं, दर खेपेले बोटभर मोठं शिवलेलं, उंबऱ्यावर ठेवून जाये. अन् भाऊ, खोटं सांगत नाही, तेच लेकरू, तीच झोळी, विमलच्या नावानं तोललं तं काटा एका जागी थांबे, अन् कोंडाच्या नावानं तोललं का थोडा खाली उतरे, वजन जास्ती भरे. म्या झोळी बदलून पाह्यली. आडा बदलून पाह्यला. तोच फरक. म्या तोच आकडा लिहिला.

अभ्यास सरला तवा डॉक्टरीणबाईनं सगळ्या बायाइपुढं एक कार्ड वर धरलं, पाहा, रेघ असावी तर अशी. कोंडाचं होतं. बायाइनं खाली मान घातली. कौसा तेवढी हासली अन् कार्ड घेऊन देवापाशी ठेवलं. तेच कार्ड घेऊन पुढं ती मास्तराकडंही गेली होती, पोट्टीचं नाव शाळेत घाला म्हणून.

आता बुढी नाही, कौसाचा नवरा नाही, घरात ती एकटी. चांगली राह्यते, मजुरीले जाते, भाजी घेते तं शिळी-ताजी ओळखते. अन् ह्या महिन्यात तिनं बांगड्यावाल्या कासारणीच्या हाती डोणगावच्या एका घरी निरोप धाडला, पोट्टी लग्नाची आहे, पाह्याले या. बेस्तरवारी, म्हणजे तुमच्या गुरुवारी, ते लोक येणार.

काल मी गेली. भाकर टाकत होती ती. म्या सगळं सांगितलं, तुही पोट्टी सुकत होती तवा म्या दुसरीचं वजन लिहिलं, म्हणून डॉक्टरीण तुह्या दारी आली नाही, भुकटी भेटली नाही, तिले म्या मारली कौसा, असंच म्हटलं. तिनं भाकर उलटली. म्हणे, गेली ते मले माहीत नाही का, माह्या हातानं न्हाऊ घातली तिले. पण मंग दर म्हयन्याले तू वजन सांगे ते कोणाचं? तोलली तवा तं होती नं ती तुह्यापाशी? मले नाही दिसली कधी, तुले दिसे. इतके वर्षं म्या मांगितली नाही. आता पाहुणे येऊन राह्यले सरूबाई. कुठं ठेवली तिले?

मी उठली अन् घरी आली.

बेस्तरवारी मी एसटी थांबते तिथं सकाळपासून जाऊन बसीन. डोणगावचे उतरले का त्याइले सांगीन, पोट्टी दुधावर होती तवाच गेली, अन् ती आहे असं लिहून ठेवणारी मी, मायले बोल लावू नका, वापस जा. गावाच्या तोंडावर सांगीन, कौसा मांगं येऊन उभी राह्यली तरी सांगीन. मंग ती मले जे म्हणीन ते म्हणीन. तुम्ही जा आता, उन्हं व्हायच्या आत. लेकरं बाळं सुखी राहो तुमचे.