दादाचं फुलपात्र

...आणि वर आई म्हणते, "मुकुंदा, त्या फुलपात्राला हात लावू नकोस, ते दादाचं आहे!" अहो, दादा आहे कुठं? गेला की! तरी सकाळी नळाला येणारं पहिलं पाणी त्याला! तो जिथं झोपायचा तिथं दिवा, दिव्याशेजारी फुलपात्र, काठोकाठ. मी इथं जिवंत, बंगालातल्या या बागबाजारच्या उकाड्यात, वीज गेलेली, पंखा बंद, घामानं नुसता निथळतोय, मला विचारतंय कोण? पाणी त्याला, तहान मला!

तुम्हाला सांगतो, हे जन्मापासूनचं आहे. दादा शाळेत विज्ञान शिकवायचा, मी सातवीतच शाळेला रामराम ठोकला. जेवताना भांडं उचललं की हा सुरू! "मुकुंदा, बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणून गोठलेल्या तळ्यात खाली मासे जगतात. मुळातलं सत्त्व शेंड्यापर्यंत पाणीच चढवतं. माणसाच्या अंगातसुद्धा निम्म्याहून जास्त पाणीच!" आई हातातला घास हातातच ठेवून ऐकायची... अहो, माझ्याही अंगात तेच पाणी ना? का मी नापास म्हणून माझ्यात नुसती माती? शेजारच्या बंगाली माशीमा, म्हणजे आपल्या मावशी हो, अजून दारात येऊन डोळे पुसतात, "मुकुंदो, तुम्हारा दादा कितना भालो था!" होता हो भालो, चांगलाच होता! गल्लीभर सांगत फिरायचा, पाणी उकळून प्या... आणि स्वतः कुठं बाहेर कच्चं पाणी प्यायला, देव जाणे. कावीळ झाली, गेला. असा कसा रे प्यायलास?

असो. तर ते फुलपात्र. आईची समजूत अशी, की पाणी कमी झालं म्हणजे दादा येऊन पिऊन गेला. आणि पाणी काही कमी होईना! होईल कसं? दादानंच सांगितलं होतं, उघड्या पाण्याची वाफ होते, पण हवाच ओलीचिंब असली तर वाफ जाणार कुठं? इथं भाद्रपदात धोतर वाळत नाही, फुलपात्र काय वाळणार! पण हे आईला सांगणार कोण? ती आपली काठ निरखत बसलेली. "रुसलाय रे. घोटभरसुद्धा घेतलं नाही. तो प्यायला की मग मी पिईन." झालं! हिनंही पाणी सोडलं!

माझं डोकंच फिरलं. दुपारी तिचा डोळा लागला, तसं उचललं फुलपात्र आणि घेतले दोन घोट. उठून बघते तो काय सांगू... चेहरा उजळला हो! "आला होता! प्यायला माझा भालचंद्र!" आणि स्वतः तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. तेव्हापासून रोज तेच. घोट माझे, कौतुक त्याचं! पाणी प्यायलासुद्धा तोच हुशार? पाणी त्याला, तहान मला... बरं, पाणीही मलाच, पण नाव त्याचं!

काल फुलपात्र तोंडाला लावलं, तर वाळ्याचा वास. दादाला वाळा मुळीच खपायचा नाही. वाळा मला आवडतो... मी तसाच उभा. आई कूस न वळवता, डोळे न उघडता म्हणाली,

"पी रे बाळा. पण सगळं संपवू नकोस. थोडं त्याला ठेव."

घ्या! म्हणजे अजूनही वाटणी आहेच!

ठेवलं हो... आणि नेहमीसारखा मोठा वाटा त्यालाच.