विलासच्या गाडीकडे बघणाऱ्यांना

तो मागचा पंखा बंद करा कोणीतरी. माझा आवाज आधीच बसलाय, आणि आज मला शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवंय.

मंडळी, तुम्ही आलात. प्रतापनगरहून आलात, फतेगंजहून आलात, पार पादरा गावाहून आलात. मी इंदू, विलासची थोरली बहीण. धाकट्याच्या शोकसभेत थोरलीने उभं राहायचं, हा उलटा न्याय आहे. जीभ उचलत नाही. पण गप्प बसले तर विलासच म्हणाला असता, ताई गप्प आहे म्हणजे कोणाचा तरी संशय घेतेय.

घेतेय. तुमचाच घेतेय.

रागावू नका. माझा स्वभावच तसा. भाजी घ्यायच्या आधी मी तराजू रिकामा बघते. विलास अगदी उलटा. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला त्याचा. लोखंडाला कधी फसला नाही, माणसांना मात्र रोज फसला.

रिटायर झाल्यावर त्याने ती गाडी घेतली. इटालियन, दोनच माणसांची, लाल. लाल म्हणजे कधी काळी. पादऱ्याला एका शेठच्या वखारीत पडली होती. त्यांच्या कोणी नातेवाइकाने आफ्रिकेहून बोटीने आणलेली. शेठ मला गुजरातीत म्हणाला, "मोटीबेन, एक ज हाथे चालेली छे." एकाच माणसाने चालवलेली. मी सीटखाली हात घातला. बाईची केसातली पिन निघाली, लहान मुलाचा मोजा निघाला, वर एक अडकित्ता. मी विचारलं, शेठ, यातला तो एक हात कोणता? शेठ चहा सांगायला उठून गेला.

घरच्या फ्रिजवरचं लोहचुंबक मी पर्समध्ये घालून नेलं होतं. दाराला लावलं, ते घसरून खाली पडलं. पत्रा होताच कुठे तिथे? गंजाच्या भोकात पुट्टी आणि वरून रंग. विलासला बाजूला घेऊन सांगितलं. तो हसला. म्हणाला, "ताई, चुंबक चिकटत नाही तिथेही गाडीच आहे ने."

मग त्या गाडीने त्याला राबवलं. पावसाळ्यात वायरी ओल्या व्हायच्या, उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच उकळायचं. एक रबरी रिंग हवी तर महिनोन्‌महिने वाट. फतेगंजच्या पुलाच्या तोंडाशी ती बंद पडायची, तेव्हा तुमच्यापैकी कोण होतं? दसऱ्याला झेंडूचा हार घातला की टेकून फोटो काढायला सगळे हजर. ढकलायला कोणी नाही. तेव्हा विलास ढकलायचा आणि शालू स्टिअरिंग धरायची. शालू म्हणजे माझी भावजय. ही बसलीय समोर.

आणि आता? विलास गेला त्या दिवसापासून बघतेय. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, चहा घेतात आणि उठता उठता विचारतात, "गाडीचं काय ठरवलंय?" एक जण म्हणाला, ठेवून ठेवून गंजेल बिचारी. इतकी वर्षं विलास गंज खरवडत होता, तेव्हा ही बिचारी तुम्हाला दिसली नाही? मी गाडीवरच्या ताडपत्रीला सुतळीने गाठ मारून ठेवली, माझ्या पद्धतीची. संध्याकाळी बघते तर गाठ दुसरीच. कोणी सोडली? मी नाव विचारत नाही. मी फक्त चेहरे बघतेय.

खरं सांगू? मला शालूचाही संशय होता. तिला पेट्रोलच्या वासाने डोकं चढायचं. मला वाटलं, ही पहिल्या येणाऱ्याला गाडी देऊन मोकळी होईल. माझ्या भावाच्या हाताचं एवढंच तर उरलंय, आणि तेही जाईल. म्हणून मी इथे मुक्काम ठोकला. पहारा म्हणा हवं तर.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते. गाडीच्या शेडमधून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. म्हटलं, आला चोर. हातात लाटणं होतं, तशीच धावले.

आत शालू बसली होती. बॉनेट उघडं होतं.

तुम्हाला माहीत नसेल. दर रविवारी विलास त्या बॉनेटमध्ये वाकायचा. रबराची नळी कानाला लावून एकेका कार्ब्युरेटरचा श्वास ऐकायचा आणि स्क्रू फिरवायचा. तेव्हा आत बसून कोणाला तरी ॲक्सिलरेटर एकसारखा दाबून धरावा लागतो. ते काम शालूचं. नाकाला पदर लावून बसायची, पण बसायची. उघड्या बॉनेटमुळे त्यांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. तो बॉनेटच्या बाजूने नुसता हात बाहेर काढायचा. वर नेला की अजून दाब, खाली केला की सोड.

बॉनेटपाशी कोणी नव्हतं. शालूचा पाय तसाच होता, नजर समोर. मी म्हटलं, शालू, पुरे. बंद कर.

ती म्हणाली, "वन्सं, त्यांनी हात खाली नाही केला अजून."

माझ्या हातातलं लाटणं पडलं. मी खाली बसून रडले. माझा भाऊ गेला, हे मला तिथे कळलं.

मग तिने आपणच किल्ली फिरवली. म्हणाली, "विकून टाकू या. मला एकटीला आत बसवत नाही."

तेव्हा ऐका. ज्यांनी गाठ सोडली त्यांनीही ऐका. गाडी द्यायची आहे, पण एकट्या माणसाला द्यायची नाही. घ्यायला याल तेव्हा आत कोण बसणार, त्या माणसाला बरोबर आणा. बायको आणा, भाऊ आणा, मित्र आणा. तुमच्याशी मी बोलणारच नाही. त्या माणसाला विचारीन, तू बसशील ना रविवारी? आणि तो खोटं बोलला तर मला कळेल. माझा संशय मेलेला नाही.

आता विलाससाठी सगळे उभे राहा. कोणी काही बोलू नका.

शालू, तू बस. आम्ही आहोत उभे समोर.