निफाडच्या अण्णांचं चित्र

...अहो, पण स्फूर्ती म्हणजे काय रॉकेल आहे का, रांग लावली की मिळायला? तुम्हाला सांगतो, दिवसभर नाशिकला सातपूरच्या कारखान्यात नट-बोल्टांची ड्रॉइंगं काढणारा माणूस मी, एकच हौस, मुंबईच्या प्रदर्शनात आपलं एक चित्र लागावं! महागाचा कॅनव्हास आणला, एकुलता एक, तो कोरा तो कोराच! बायको म्हणाली, ‘गंगेवर जाऊन बसा, सगळे चित्रकार तिथंच बसतात.’ बसलो! रजा टाकून, गोदावरीच्या घाटावर स्टँड मांडून बसलो... आणि स्फूर्ती? तिचा पत्ता नाही!

शेजारी निफाडकडच्या एका घरचा दहावा. कारभारी अण्णा गेलेले. पिंड मांडलेला, माणसं हात जोडून उभी, आणि कावळे? झाडावर! शिवायला तयार नाहीत! म्हणजे अण्णांची काहीतरी इच्छा राहिली. थोरला मुलगा झुंबर ओरडतो, ‘अण्णा, द्राक्षाचा बाग मोडनार नाय!’ कावळा ढिम्म. धाकटा म्हणतो, ‘भावाशी भांडनार नाय!’ कावळ्याने मानच फिरवली, त्यालाही पटलं नसणार! तेवढ्यात अण्णांची बायको, यशोदाबाई, माझ्याकडे बघून म्हणते, ‘आरं, त्यांचा येक फोटू नाय घरात! कॅमेरा दिसला का पळायचे... पेंटरदादा, काढाल का हो आमच्या मालकांचं चित्र?’ आता दहाव्याच्या जागी नाही कसं म्हणायचं? म्हटलं, ‘काढतो.’ तर झपकन कावळा खाली! शिवला!

झालं! गेलेल्या माणसाला शब्द दिलेला, आणि कॅनव्हास तर एकच! काढा आता, न पाहिलेला माणूस! झुंबर म्हणतो, ‘मिशा खाली.’ धाकटा म्हणतो, ‘हॅट, वर!’ लागली जुंपायला, आत्ताच दिलेलं वचन गेलं गंगेत! नाक कसं विचारलं, तर एका मामाला पुढे ढकललं. कान विचारले, तर आत्याचा पदर बाजूला केला! सगळं खानदान कॅनव्हाससमोर... आणि स्फूर्ती? तिचा पत्ता नाही!

शेवटी वैतागून यशोदाबाईंनाच विचारलं, ‘मावशी, रागावले की कसे दिसायचे?’

‘रागवायचे कुठं? भाकर करपली तरी म्हनायचे, आज लय खरपूस झाली.’

अहो, तुम्हाला सांगतो, हात असा सुटला! ऊन डोक्यावर आलं, पाणी प्यायची शुद्ध नाही! डोळे काढून झाले. वळून बघतो तर यशोदाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतलेला, मालक घरात आल्यावर घेत असतील तसा! मला भरून आलं हो. असं चित्र जन्मात झालं नव्हतं माझ्या हातून.

आणि ते गेलं! ओलंच्या ओलं, टेम्पोत घालून, चौघांनी चार कोपरे धरून! मागणार कुठल्या तोंडाने?

इकडे प्रदर्शनाची तारीख उरावर. मग काय, घरीच, रेडिओ ऐकत, चहा पीत, एका पुठ्ठ्यावर ओढला घाटावरचा सूर्यास्त. पाठवून दिला. त्याला पहिलं बक्षीस! परीक्षक पाठ थोपटत म्हणतात, ‘वा! घाटावर बसल्याशिवाय अशी स्फूर्ती मिळत नाही!’

म्हटलं, ‘मिळाली होती, साहेब. ती निफाडला असते आता.’