जागेचा मालक

थायलंडच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात थानेत नावाचा तरुण नंबराची वाट बघत बसला होता. शेजारच्या दोन म्हाताऱ्या त्याच्याच हॉटेलाबद्दल बोलायला लागल्या, तशी त्याने मान खाली घातली.

"भिंतीवर हॉटेलाचा इतिहास लावलाय, ताई. माझी नात तिथं चादरी धुते, ती वाचून आली."

"काय म्हणतोय?"

"मालकाच्या आजोबांनी ओसाड किनाऱ्यावर पहिली खोली बांधली म्हणे."

"ओसाड? मग आपण काय खेकडे होतो?"

"वादळात घरं गेली म्हणून बुद्धाच्या देवळात राहिलो. परत येऊन बघतो तर त्या आजोबाचं कुंपण."

"देवळात भात घेऊन तोच आला होता. मी खाल्लाय."

"सगळ्यांनीच खाल्लाय, ताई."

"हॉटेलाच्या अंगणात जागेच्या राखणदार देवाचं छोटं घर आहे ना अजून?"

"आहे तर. त्या आजोबाचा नातू रोज सकाळी स्वतः हार घालतो, भात आणि लाल सरबत ठेवतो. हात जोडून म्हणतो, जागेच्या मालका, आम्हाला इथं सुखानं राहू दे."

"मालकीण इथं गुडघे धरून बसलीय, तिला कोणी सरबत विचारत नाही."

दोघी खुदकन हसल्या. मग थोरली थानेतकडे वळली.

"बाळा, तू कुठला रे?"

सकाळच्या हारातल्या मोगऱ्याचा वास अजून त्याच्या बोटांना येत होता. त्याने हात मांडीखाली घेतले.

"बँकॉकचा, मावशी."

"मग त्याच हॉटेलात उतर. समुद्र तिथनं फार छान दिसतो. माझ्या चुलीपुढनं दिसायचा."